आयुर्वेदाचे कैवारी आणि मुरबाडचें पाणी

आयुर्वेदाला शत्रु पुष्कळ झाले. पण शत्रूंच्या हातून त्याचें जेवढें नुकसान झालें नाहीं तेवढें त्याच्या कैवाऱ्यांनीं चालविलें आहे, असें विधान मी ह्या लेखांत करणार आहें. हे कैवारी वैद्य नव्हेत. वैद्यांपैकीं पुष्कळांना आपल्या शास्त्राच्या मर्यादा ठाऊक असतात, आणि निदान त्यांनीं ग्रंथ तरी वाचलेले असतात. मी म्हणतों ते कैवारी आपल्याच घरांतले आहेत: पदवीधर, बहुश्रुत, सकाळीं उठून तांब्याच्या भांड्यांतलें पाणी पिणारे, मुलांना परदेशीं शिकावयास पाठविणारे आणि सुटींत तीं घरीं आलीं म्हणजे आपल्या पूर्वजांना सारें कांहीं ठाऊक होतें असें त्यांना ऐकविणारे. त्यांच्या श्रद्धेचीं कलमें थोडक्यांत अशीं आहेत. आयुर्वेद नैसर्गिक आहे, म्हणून निरुपद्रवी आहे. तो सनातन आहे, म्हणून त्याला कसोटी लावण्याचें कारण नाहीं. तो मन, शरीर व आत्मा ह्यांचा समग्र विचार करतो, आणि पाश्चात्य वैद्यक मात्र माणसाचे तुकडे करून पाहतें. शेवटचें कलम कोणी लिहून ठेवीत नाहीं, पण मनांत सर्व बाळगतात. तें असें कीं, खेड्यापाड्यांतला, विशेषतः डोंगरांतला माणूस अजून ह्या आयुर्वेदाप्रमाणेंच जगतो, म्हणून तो धडधाकट आहे. रोगी काय ते आपण शहरवासी.

ह्या शेवटच्या कलमापासूनच आरंभ करतों, कारण तें सर्वांत लवकर ढासळतें. मुरबाड व शहापूर हे ठाणें जिल्ह्यांतील सह्याद्रीच्या पायथ्याचे दोन तालुके. एकीकडे माळशेज व नाणेघाट, दुसरीकडे माहुलीचा किल्ला. मध्यें भाताचीं खाचरें, सागाचें जंगल, आणि ठाकूर, कातकरी, महादेव कोळी ह्यांचे पाडे. कल्याणहून नगर रस्त्यानें शनिवारीं निघालेल्या मोटारींतील मंडळींना ही भूमि म्हणजे आरोग्याचें माहेरघर वाटते. हिरवें रान, स्वच्छ वारा, नागलीची भाकर! आतां चरकाचा ऋतुचर्येचा अध्याय उघडावा आणि ह्या भूमीशीं ताडून पाहावा. वर्षाऋतूंत जठराग्नि मंद होतो. म्हणून ह्या काळांत जव, गहूं, साळीचा भात हें सारें जुनें धान्य खावें, पाणी तापवून निववून प्यावें, आणि ओल असलेल्या जागीं राहूं नये, असें तेथें सांगितलें आहे. सल्ला उत्तम आहे. परंतु आषाढ-श्रावणांत पाड्यावरच्या घरीं जुनें धान्य असतें कोठें? लावणी चाललेली, नवें पीक यावयास अजून दोन-तीन महिने, आणि कणगी तळाला गेलेली. ते त्या डोंगरांतले भुकेचे महिने. तेव्हां कडूकंद खणून आणावयाचा, त्याच्या चकत्या राखेच्या पाण्यांत उकडावयाच्या, मग वाहत्या पाण्यांत धुवावयाच्या, आणि कडवटपणा गेला म्हणजे त्यांवर दिवस काढावयाचे. जुनें धान्य खावें हा नियम ज्यानें लिहिला त्यानें भरलेली कणगी गृहीत धरली होती. नियमाचा पाठ करणाऱ्या आमच्या बंधूंना ह्या गृहीताचें भानच नसतें.

कातकऱ्याचें तर विचारूंच नये. खैराच्या लांकडाचा कात काढणारा म्हणून त्याला हें नांव पडलें. खैर म्हणजे खदिर. आयुर्वेदांत त्वचारोगावरचें तें मोठें औषध. इंग्रजी राज्यांत १८७८ सालच्या कायद्यानें जंगलें राखीव होऊं लागलीं, खैर सरकारचा झाला आणि कात काढणारा मजूर झाला. आज दिवाळी झाली कीं, उचल घेतलेलें सारें कुटुंब तान्ह्या मुलांसकट भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातें आणि पावसाच्या तोंडाशीं परत येतें. भट्टीच्या धुरांत सहा महिने काढणाऱ्या ह्या मुलाच्या प्रकृतींत वात किती, पित्त किती, ह्याची चिकित्सा कोणी करावी तर करावी. मला तेथें भूक दिसते.

ह्याचा अर्थ तेथें ज्ञान नाहीं असा कोणी करूं नये. आहाराच्या विचारांत आठ गोष्टी पाहाव्या असें चरकानें विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत म्हटलें आहे: पदार्थाचा स्वभाव, त्याच्यावरचा संस्कार, त्याचा दुसऱ्या पदार्थाशीं संयोग, त्याचें प्रमाण, देश, काल, खाण्याची रीत, आणि सर्वांत शेवटीं खाणारा. आमच्या शहरांतील पंडितांना हीं आठ नांवें मुखोद्गत असतात. त्यांचा अर्थ पाहावयाचा असेल तर ज्येष्ठांत मुरबाडच्या बाजारांत जावें. पहिल्या पावसाबरोबर रानांत शेवळें वर येतात, आणि ठाकरी बाया त्यांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळाच्या अंगीं सुईच्या अग्रासारखे बारीक स्फटिक असतात. नुसतें शिजवून खाल्लें तर घशाला अशी खाज सुटते कीं पुन्हां नांव घेऊं नये. म्हणून जुडी विकणारी बाई जुडीबरोबर काकडाचीं आंबट फळेंही देते, आणि तीं घातल्यावांचून भाजी करूं नका असें बजावते. स्वभाव, संस्कार, संयोग आणि काल, आठांपैकीं चार गोष्टी ह्या एका वाक्यांत आल्या. तिनें चरकाचें नांव ऐकलेलें नाहीं. चरकाला मात्र तिचें नांव ठाऊक होतें. त्याविषयीं पुढें सांगतों.

आतां आयुर्वेदाचीं मूलतत्त्वें म्हणजे काय आणि त्यांची आज किंमत काय, हें एकदां स्पष्ट बोलून टाकलें पाहिजे. दोष, अग्नि, धातु आणि मलक्रिया सम असून आत्मा, इंद्रियें व मन प्रसन्न असणें ह्याला सुश्रुतानें स्वास्थ्य म्हटलें. रोगाच्या अभावापेक्षां स्वास्थ्य ही अधिक कांहीं वस्तु आहे, हा विचार थोर आहे, आणि तो आधीं सुचला ह्याचा अभिमान बाळगण्यास माझी हरकत नाहीं. अन्न सर्वांना सारखें मानवत नाहीं, ऋतूप्रमाणें भूक बदलते, पचन बिघडलें कीं पुढचें सारें बिघडतें, निद्रा हा अन्नाइतकाच शरीराचा आधार आहे, हीं सर्व बारीक निरीक्षणाचीं फळें आहेत. परंतु वात, पित्त व कफ हे शरीराच्या रचनेचें व क्रियेचें खरें वर्णन आहे काय? माझें स्पष्ट मत असें कीं नाहीं. दिसलेल्या लक्षणांची वर्गवारी करण्याची ती एक चतुर भाषा आहे. रोगाचें कारण शोधण्याचें साधन म्हणून ती अपुरी पडली. ग्रीक वैद्यकांतही रक्त, कफ व दोन प्रकारचीं पित्तें अशी चौकडी होती. यूरोपनें ती दोन हजार वर्षें जतन केली आणि सूक्ष्मदर्शक यंत्र व रसायनशाळा हातीं आल्यावर बाजूला ठेवली. त्यामुळें हिपोक्रेटीसचा मान कमी झाला नाहीं. आमच्याकडे मात्र बाजूला ठेवण्याऐवजीं नवीं नांवें चिकटविण्याचा खटाटोप चालतो. वात म्हणजे मज्जासंस्था, पित्त म्हणजे पाचक रस, कफ म्हणजे अमुक संप्रेरक, आणि आतां तर प्रकृति म्हणजे जनुकें! दर वीस वर्षांनीं पाश्चात्य विज्ञान बदलतें आणि दर वीस वर्षांनीं आमच्या त्रिदोषांचा अर्थही त्याच्या मागून बदलतो. सनातनत्वाचें हें कोणतें लक्षण?

निरुपद्रवी असण्याचें कलम आतां घेऊं. हें कलम चरकाला मान्य नाहीं. तीव्र विषसुद्धां योग्य योजनेनें उत्तम औषध होतें आणि औषधसुद्धां अयोग्य योजनेनें तीव्र विष होतें, असें त्यानें सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत सांगितलें आहे. आणि जगांतील कोणतेंही द्रव्य औषध होऊं शकतें हें सांगतांनाही योजना व हेतु ह्यांची अट घालावयास तो विसरला नाहीं. ज्या द्रव्यापासून अपाय संभवतच नाहीं त्यापासून उपाय तरी कसा संभवावा, एवढा साधा तर्क माझे विद्यार्थी पहिल्या वर्षाला करतात. २००८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं इंटरनेटवरून विकलीं जाणारीं १९३ तयार आयुर्वेदीय औषधें तपासलीं, तेव्हां सुमारें एक-पंचमांश औषधांत शिसें, पारा किंवा सोमल सांपडलें. भस्में शुद्ध करून वापरतात, हें उत्तर मला ठाऊक आहे. शुद्ध झालीं कीं नाहीं हें कोण पाहतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

पण भस्माची गोष्ट लांबची, गुळवेलीची घ्या. गुळवेल म्हणजे गुडूची, म्हणजेच अमृता. तिच्याविषयीं शंका घेणें हें आमच्या घरांत पाखंड समजलें जातें. २०२० सालीं करोनाची सांथ आली आणि घरोघरीं गुळवेलीचा काढा सुरू झाला. किती घ्यावा, किती दिवस घ्यावा, कोणीं घेऊं नये, ह्यांपैकीं कांहीं न विचारतां महिनेच्या महिने तो पोटांत गेला. त्या वर्षीं सप्टेंबर ते डिसेंबर ह्या चार महिन्यांत मुंबईंतील यकृतरोगतज्ज्ञांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले, आणि सहाहीजण गुळवेल घेत होते. २०२१ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. पुढें २०२२ सालीं देशांतील तेरा रुग्णालयांतून गोळा केलेल्या ४३ रुग्णांचा अहवाल आला. शरीराची प्रतिकारशक्ति स्वतःच्याच यकृतावर उलटते असा एक विकार आहे. तो ज्यांच्या अंगीं सुप्त असतो त्यांच्यांत गुळवेल त्याला जागें करीत असावी, असा संशय त्यांत व्यक्त झाला. ज्या औषधाची ख्याति प्रतिकारशक्ति वाढविणारें म्हणून, त्याच्या हातून असें घडावें ह्यांत तर्काला धरून नाहीं असें कांहींच नाहीं.

ह्यावर आयुष मंत्रालयाचें उत्तर असें कीं, रुग्णांनीं घेतलेली वनस्पति खरी गुळवेल होती कशावरून? तिच्याच कुळांतली, टिनोस्पोरा क्रिस्पा नांवाची, दिसावयास सारखी पण यकृताला अपायकारक अशी दुसरी वेल आहे. तिची भेसळ झाली असेल. हें उत्तर टाकाऊ आहे असें मी म्हणत नाहीं. संशयाला जागा आहे. दोन्ही वेलींचीं पानें हृदयाकृति, आणि वाळून तुकडे झालेल्या काडींत फरक ओळखणें कठीण. पण हें उत्तर देतांना मंत्रालयानें नकळत काय कबूल केलें तें पाहावें. बाजारांतली गुळवेल ही गुळवेलच आहे ह्याची हमी कोणी देऊं शकत नाहीं, असाच त्याचा अर्थ होतो! मग घरोघरीं काढा उकळण्याचा उपदेश कोणत्या आधारावर झाला?

वेल खरी कोणती हें ओळखणारा माणूस कोण, हेंही चरकानें सांगून ठेवलें आहे. गुराखी, मेंढपाळ आणि रानांत वावरणारे इतर लोक औषधी वनस्पति नांवानें व रूपानें ओळखतात, असें तो म्हणतो. आणि नुसतें नांव व रूप ओळखल्यानें औषधाचें तत्त्व कळत नाहीं, कोणत्या माणसाला, कोठें, केव्हां, किती द्यावी हें जाणणारा तोच खरा जाणता, असेंही लगेच म्हणतो. शेवळें विकणारी ठाकरीण ह्या पहिल्या वर्गांत येते. शहापूरचे कातकरी तरुणही त्याच वर्गांतले. वनधन योजनेखालीं त्यांनीं गुळवेल गोळा करून वाळवून विकण्याचा उद्योग उभारला, आणि २०२१ सालीं त्यांना डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा मोठ्या औषधी कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची मागणी आली. किंमत १ कोटि ५७ लाख रुपये. आंकडा ऐकून छाती भरून येते. भागाकार केला तर किलोला पंचेचाळीस रुपयेही पडत नाहींत, आणि त्यांतच तोडणें, वाहणें, साफ करणें, वाळवणें सारें आलें. ह्या लोकांचा उद्योग वाढावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. वीटभट्टीपेक्षां तो शतपट बरा. परंतु उभ्या वेलीची साल, गांठी व लोंबतीं मुळें पाहून खरें-खोटें निवडण्याचें जें ज्ञान त्यांच्याजवळ आहे, ज्यावर मंत्रालयाचा सारा बचाव उभा आहे, त्याची किंमत ह्या हिशेबांत कोठें दिसत नाहीं. आणि ३५० टन गुळवेल दरसाल निघूं लागली तर रानांत ती किती वर्षें उरेल? नरक्या नांवाचें सह्याद्रींतलें झाड ह्याचा दाखला आहे. कर्करोगावरील औषधासाठीं लागणारें द्रव्य त्यांत असल्याचें १९७२ सालीं उघड झालें आणि पुढें चोरट्या तोडीनें तें झाड डोंगर-डोंगरांतून नाहींसें होऊं लागलें.

कसोटी नको म्हणणाऱ्यांना मी एक मुंबईचें उदाहरण देतों. सर्पगंधा ही मुळी आमच्या वैद्यकांत शेंकडों वर्षें आहे. रक्तदाबावर तिचा उपयोग होतो, असें कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं १९३१ सालीं लिहिलें. त्या लेखाकडे जगानें पाहिलें नाहीं. मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील ह्यांनीं पन्नास रुग्णांना ती पद्धतशीर देऊन, रक्तदाब मोजून, १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें निष्कर्ष छापले. तीन वर्षांच्या आंत तिचें सत्त्व रिसर्पीन वेगळें झालें आणि रक्तदाबाच्या चिकित्सेचें नवें युग सुरू झालें. मुळी तीच होती. फरक मोजमापाचा होता. चीनच्या तू यूयू बाईंनीं चौथ्या शतकांतील एका चिनी ग्रंथांतील सूचनेवरून हिवतापाचें औषध शोधलें व त्यांना २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांनीं ग्रंथाची पूजा केली नाहीं, त्याची परीक्षा घेतली, आणि तो त्या परीक्षेंत उतरला. आमच्या ग्रंथांतील द्रव्यें परीक्षेस बसविलीं तर कांहीं उतरतील, पुष्कळ नापास होतील. नापास होण्याची भीति ज्याला वाटते त्याची श्रद्धा किती पक्की आहे हें सांगावयास नको.

आणि हें बोलणें धर्मबाह्य आहे असें कोणास वाटत असेल तर त्यानें वाग्भटाच्या अष्टांगहृदयाचा अखेरचा अध्याय पाहावा. ऋषींनीं लिहिलें तेंच प्रमाण असा आग्रह असेल तर चरक-सुश्रुत सोडून भेलादिकांचे ग्रंथ कां वाचीत नाहीं, असा खोंचक प्रश्न त्यानें विचारला आहे. तेही ऋषीच होते! द्रव्याचा गुण सांगणाऱ्याच्या थोरवीवर अवलंबून नसतो, म्हणून चांगलें सांगितलेलें असेल तें कोणाचेंही घ्यावें, असा त्याचा निर्णय आहे. सुश्रुतानेंही शरीर जाणण्यासाठीं प्रेत वाहत्या पाण्यांत ठेवून, कुजवून, थराथरानें पाहण्याची रीत सांगितली, कारण डोळ्यांनीं पाहिलेलें आणि शास्त्रांत वाचलेलें हीं दोन्हीं जुळलीं पाहिजेत असा त्याचा हट्ट होता. पुढें शेंकडों वर्षें आम्हीं प्रेताला शिवलों नाहीं. १८३६ सालीं कलकत्त्यास पंडित मधुसूदन गुप्त ह्यांनीं शस्त्र हातीं घेतलें. ते स्वतः वैद्यकुळांतले, सुश्रुत पढलेले होते.

मुरबाडच्या रानांतली मुळी सर्पदंशावर चालते, असें अभिमानानें सांगणारे गृहस्थ मला वर्षांतून दोन-चार तरी भेटतात. त्यांच्यापैकीं कोणी आषाढांत खाचरांत वांकून लावणी केलेली नसते. ह्या भागांत नाग, घोणस, फुरसें व मण्यार हे चारही विषारी साप आहेत. मण्याराचा दंश जमिनीवर निजलेल्या माणसाला रात्रीं होतो. वेदना जवळजवळ नसते. पहांटे पापण्या जड होतात, आणि मग श्वास अडकतो. सुश्रुतानें दंशाच्या वर चार अंगुळांवर पट्टी आवळावी, दंशाची जागा कापावी व चोखून काढावी असें सांगितलें. त्याच्या काळांत ह्याहून अधिक कोणी कांहीं करूं शकत नव्हतें. आज आपल्याला ठाऊक आहे कीं, आवळलेल्या पट्टीनें अवयव कुजतो, कापल्यानें रक्तस्राव थांबत नाहीं, आणि घोड्याच्या रक्तापासून केलेली लस हाच उपाय. परळच्या हाफकिन संस्थेनें ती अनेक दशकें तयार केली. इंगळीच्या बाबतींतही असेंच झालें. कोंकणांत इंगळी चावलेल्यांपैकीं शेंकडा तीस-चाळीस दगावत असत. महाडकडे काम करणारे डॉक्टर हिंमतराव बावस्कर ह्यांनीं प्राझोसीन हें औषध १९८० नंतरच्या दशकांत वापरून तें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास आणलें. खेड्यांतला एक डॉक्टर, रुग्णाच्या उशाशीं बसून नाडी व रक्तदाब लिहून ठेवणारा! चरकानें ज्याला प्राण परत आणणारा वैद्य म्हटलें असतें तो हाच.

त्याच अध्यायांत चरक दुसऱ्या जातीच्या वैद्यांचेंही वर्णन करतो: स्वतःची स्तुति करीत गांवोगांव हिंडणारे, रुग्ण बरा झाला तर श्रेय घेणारे, मेला तर रुग्णाच्या नशिबाला दोष देणारे. हे लोक राज्यांत मोकळे फिरतात तें राजाच्या गाफिलपणामुळें, असें त्यानें म्हटलें आहे. आमच्या राज्याचा गाफिलपणा निराळ्या प्रकारचा आहे. १९१२ सालीं मुंबई इलाख्यांत वैद्यक नोंदणीचा कायदा झाला, त्यांत वैद्यांना स्थान नव्हतें. त्याच्या आधींच, १९०७ सालीं, शंकर दाजीशास्त्री पदे ह्यांनीं नाशिकास वैद्यांचें महासंमेलन भरवून ह्या शास्त्राला उभें करण्याचा उद्योग आरंभिला होता. त्या परंपरेंतूनच नगर व पुणें येथील आयुर्वेद महाविद्यालयें निघालीं आणि १९३८ च्या कायद्यानें वैद्यांची नोंदणी मान्य झाली. त्या पिढीच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. पण त्या झगड्याचें फळ आज मुरबाड-शहापुरांत कसें दिसतें? आयुर्वेदाची पदवी घेतलेला तरुण पाड्याजवळच्या दवाखान्यांत बसतो आणि इंजेक्शन व सलाइन देतो. १९९२ च्या अधिसूचनेनंतर महाराष्ट्रांत त्याला तशी मुभा आहे. आणि तिकडे ठाण्या-डोंबिवलींतला, पाश्चात्य वैद्यकानें मधुमेह व रक्तदाब आटोक्यांत ठेवलेला गृहस्थ हजारों रुपये देऊन आठ दिवसांचें पंचकर्म करून घेतो. थोडक्यांत, आयुर्वेद श्रीमंताची चैन झाला आणि आयुर्वेदाचा पदवीधर गरिबाचा डॉक्टर झाला.

ह्या तरुणांना नांवें ठेवण्याचा माझा हेतु नाहीं. टोकावडे किंवा डोळखांब येथें रात्रीं दोन वाजतां दार ठोठावलें तर उठणारा तोच असतो. मोठ्या पदवीचे डॉक्टर तेथें टिकत नाहींत. पण त्याला अर्धवट शिकवून दोन होड्यांवर उभें केलें कोणीं? २०२० सालच्या नोव्हेंबरांत आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ प्रकारच्या शस्त्रक्रिया शिकविण्याची अधिसूचना निघाली, डॉक्टरांनीं संप केला, दोन्ही बाजूंनीं सुश्रुताचें नांव घेतलें गेलें. आणि २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं आयुर्वेदाचे डॉक्टर समान काम करीत नाहींत, म्हणून त्यांना समान वेतन मागतां येणार नाहीं. खेड्यांतल्या मण्याराला ही वेतनश्रेणी कळत नाहीं.

राहतां राहिलें समग्रतेचें कलम, आणि येथें माझा कैवाऱ्यांशीं खरा वाद आहे. समग्र म्हणजे मन, शरीर व आत्मा असें ते म्हणतात. तिन्ही वस्तु एकाच माणसाच्या मालकीच्या! त्या माणसाच्या कातडीच्या बाहेर जें आहे तें समग्रांत येत नाहीं काय? चरकाच्या विमानस्थानाचा तिसरा अध्याय ह्या प्रश्नालाच वाहिलेला आहे. ग्रीष्माच्या अखेरीस, पांचाल देशांत, कांपिल्य नगराजवळ गंगेच्या कांठीं आत्रेय शिष्यांसह फिरत असतां अग्निवेश त्याला विचारतो: माणसांची प्रकृति निराळी, आहार निराळा, देह, बळ, वय, मन सारीं निराळीं, तर मग एकाच वेळीं एकाच रोगानें सारा जनपद उध्वस्त होतो तो कां? प्रश्न असा आहे कीं, त्यानें प्रकृतिविचाराचा पायाच हलावा. आत्रेय प्रश्न टाळीत नाहीं. तो म्हणतो, माणसें निराळीं असलीं तरी चार वस्तु सर्वांना समान असतात: वायु, जल, देश आणि काल. ह्या बिघडल्या म्हणजे प्रकृति पाहून उपयोग नाहीं. त्या बिघडण्याचें मूळ विचाराल तर देशाचे व नगराचे मुख्य लोक अधर्मानें वागतात हें. आयुर्वेदाच्या अफाट ग्रंथसंभारांत मला सर्वांत अर्वाचीन वाटणारें पान हें आहे, आणि आमच्या आरोग्यविषयक व्याख्यानमालांत एकदांही मीं त्याचा उच्चार ऐकलेला नाहीं.

आतां ह्या चारांतलें जल तेवढें घेऊं. मुरबाड-शहापुरांत वर्षाकाठीं शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईला पाणी देणारें तानसा धरण १८९२ सालचें, मोडकसागर १९५७ सालचा, त्यानंतर भातसा. तिन्ही शहापूर तालुक्यांत. मुंबईच्या पाण्यापैकीं जवळजवळ निम्में एकट्या भातशाचें. मुरबाड तालुक्यांत बारवी धरण आहे; तें औद्योगिक विकास महामंडळाचें, त्याचें पाणी कारखान्यांना आणि अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीकडे जातें, आणि अलीकडे त्याची उंची वाढविली तेव्हां आणखी वस्त्या उठल्या. एवढें पाणी ज्या भूमीनें दिलें तेथें फाल्गुन संपतांच विहिरी आटतात. कसारा-डोळखांबच्या बाजूस टँकर फिरूं लागतात. आणि बायका विहिरीच्या तळाशीं झिरपणारें गढूळ पाणी वाटीवाटीनें भरतात. माझ्या वर्गांत त्या बाजूच्या मुली आहेत. चैत्र-वैशाखांत त्यांची गैरहजेरी कां वाढते हें हजेरीपट पाहून कळत नाहीं. हंडा पाहून कळतें.

भातशाचें हेंच पाणी मुंबईस येतें, शुद्ध होतें, आणि रात्रीं तांब्याच्या भांड्यांत भरून ठेविलें जातें. सकाळीं तें उषःपान म्हणून प्राशन करून आमचा कैवारी आयुर्वेदाचे आभार मानतो. तांब्यानें कांहीं जंतु मरतात हें प्रयोगांत दिसलें आहे, तेव्हां त्याच्या भांड्याला मी हांसत नाहीं. पण जंतु जेथें खरोखर आहेत तेथें भांडें नाहीं, आणि कित्येकदां पाणीही नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं पाड्यावर हगवणीची सांथ येते तेव्हां जनपदोध्वंसाचा अध्याय अक्षरशः डोळ्यांपुढें उभा राहतो: तेंच ग्रीष्माचें अखेर, तीच बिघडलेली विहीर, आणि निरनिराळ्या प्रकृतींचीं मुलें एकाच रोगानें निजलेलीं.

पाणीपुरवठा हा सरकारचा विषय, त्यांत आयुर्वेदाचा काय संबंध, असें मला एका विद्वान मित्रानें विचारलें. संबंध चरकानें जोडला आहे. तोडावयाचा असेल तर मित्रानें तोडावा, पण मग समग्र हा शब्द वापरूं नये. पाश्चात्य डॉक्टरही लुटतात, रुग्णालयें धंदा करतात, असें दुसऱ्यानें सांगितलें. खरें आहे, त्याबद्दल लिहिण्याजोगें पुष्कळ आहे आणि पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यानें मुरबाडची विहीर भरत नाहीं.

आरोग्यावर व्याख्यानें भरविणारीं आमचीं मंडळें कल्याणापासून पार्ल्यापर्यंत डझनांनीं आहेत. त्यांनीं येत्या वैशाखांत एक व्याख्यान कमी करून त्या खर्चांत शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील विहिरींचें पाणी तपासून घ्यावें. त्याला वैद्य लागत नाहीं, डॉक्टरही लागत नाहीं. निर्जंतुक बाटली लागते, आणि नमुना चोवीस तासांच्या आंत जिल्ह्याच्या प्रयोगशाळेंत पोहोंचवावा लागतो. म्हणजे परत येतांना मोटार थेट घरीं न नेतां ठाण्यास थांबवावी लागेल.